‘विवाहसदृश नात्या’चे संरक्षण काढले, तर उघड्यावर कोण येईल?

चौक (मीरा-भाईंदर), प्रतिनिधी : उत्तनच्या पुढे, वसईच्या खाडीच्या मुखाशी वसलेले चौक हे मच्छीमारांचे गाव. खाडीपलीकडे वसई, तर मागे मीरा रोडची उंच संकुले. गेल्या काही वर्षांत विवाहाविना सहजीवनाचा, म्हणजेच ‘लिव्ह-इन रिलेशनशिप’चा वाद याच टापूतून देशभर पोहोचला. वसईच्या एका तरुणीची दिल्लीत हत्या झाल्याचे नोव्हेंबर २०२२ मध्ये उघडकीस आले. जून २०२३ मध्ये मीरा रोड येथे आणखी एका महिलेची हत्या झाली. दोन्ही प्रकरणांत आरोप ठेवण्यात आला, तो सोबत राहणाऱ्या पुरुषावरच.

त्यानंतर अशा नात्यांवर बंदी घालावी, त्यांना कायद्याचे कवच नकोच, या मागणीला जोर आला. ७ डिसेंबर २०२३ रोजी हरियाणातील खासदार धरमबीर सिंह यांनी लोकसभेत या नात्यांना घातक आजार संबोधून त्यांच्याविरुद्ध कायदा करण्याची मागणी केली. मात्र हे कवच काढून घेतल्यास नेमके कोणाचे नुकसान होईल, याचा विचार अभावानेच होतो.

कवच आहे तरी कोणते?

सहजीवनाला मान्यता देणारा स्वतंत्र केंद्रीय कायदा अस्तित्वात नाही. जे संरक्षण आहे, ते प्रामुख्याने कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण अधिनियम, २००५ मधील एका व्याख्येत आहे. २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू झालेल्या या कायद्याच्या कलम २ (च) मध्ये कौटुंबिक नात्यात रक्ताचे, विवाहाचे व दत्तकाचे नाते जसे मोडते, तसेच ‘विवाहसदृश नाते’ही मोडते. साऱ्या संरक्षणाचा डोलारा या मोजक्या शब्दांवर उभा आहे.

त्याचा व्यवहारातील अर्थ असा. समजा, चौकमधील एक स्त्री दहा वर्षे एका पुरुषासोबत संसार करीत आहे. घर त्याच्या नावावर, विवाहाची नोंद कोठेही नाही. एके रात्री तो तिला मारहाण करून मुलांसह बाहेर काढतो. या कायद्याखाली ती दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करू शकते. घर तिच्या नावावर नसले तरी तेथे राहण्याचा हक्क, संरक्षणाचा आदेश, खर्चासाठी रक्कम, मुलांचा तात्पुरता ताबा व नुकसानभरपाई तिला मागता येते. पहिली सुनावणी सर्वसाधारणपणे तीन दिवसांत व्हावी आणि अर्ज साठ दिवसांत निकाली काढण्याचा प्रयत्न व्हावा, असे कायदा सांगतो. संरक्षण आदेश मोडणाऱ्यास एक वर्षापर्यंत कैद किंवा वीस हजार रुपयांपर्यंत दंड अथवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात.

ती जेथे राहते, मग ते राहणे तात्पुरते का असेना, तेथील न्यायालयात अर्ज करता येतो. पूर्वी येथील रहिवाशांना त्यासाठी ठाणे गाठावे लागे. मार्च २०२५ मध्ये मीरा-भाईंदरला स्वतंत्र न्यायालय सुरू झाल्याने ही पायपीट कमी झाली. महिलांना उत्पन्नाची अट न लावता विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकीलही मिळतो.

सरसकट सूट नाही

‘कोणीही, कसेही राहावे आणि पोटगी मागावी’ असा या कायद्याचा अर्थ लावला जातो; तो खरा नाही. ऑक्टोबर २०१० मध्ये वेलुसामी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने कसोट्या घालून दिल्या. दोघे समाजात पती-पत्नीप्रमाणे वावरत असावेत, विवाहाच्या वयाचे असावेत, विवाहास अन्यथा पात्र म्हणजे अविवाहितही असावेत आणि स्वेच्छेने दीर्घकाळ एकत्र राहिलेले असावेत. नोव्हेंबर २०१३ मधील इंद्रा सरमा प्रकरणात, पुरुष विवाहित असल्याचे ठाऊक असूनही त्याच्यासोबत राहिलेल्या महिलेला संरक्षण नाकारण्यात आले. पहिल्या पत्नीच्या हक्कांचा विचार न्यायालयाने तेथे केलाच होता. तथापि, अशा महिलांसाठी संसदेने कायदा करण्याचा विचार करावा, असेही त्याच निकालात नमूद आहे.

या कसोट्यांत बसूनही विवाह न करण्याची कारणे बेफिकिरीचीच असतात, असे नाही. कॅथलिक चर्चमध्ये, न्यायालयाने घटस्फोट दिला तरी आधीचा विवाह चर्चच्या न्यायाधिकरणाने रद्दबातल ठरविल्याविना पुनर्विवाह होत नाही. अशी प्रतीक्षा करणारे जोडपे कायद्याने विवाहास पात्र असूनही विवाहाविना राहते. मोठी ख्रिस्ती वस्ती असलेल्या या किनारपट्टीला हा प्रश्न परका नाही.

महाराष्ट्राचा अपुरा प्रयत्न

पोटगीची तरतूद ‘पत्नी’ या शब्दाभोवती फिरते. ऑक्टोबर २००८ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १२५ मध्ये दुरुस्ती करून दीर्घकाळ सोबत राहणाऱ्या स्त्रीलाही पोटगीचा हक्क देण्याच्या प्रस्तावास मान्यता दिली. त्यावर गदारोळ झाला आणि प्रस्ताव कायद्यात उतरला नाही. १ जुलै २०२४ पासून त्या कलमाची जागा भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४४ ने घेतली. ‘पत्नी’ हा शब्द कायम राहिला. म्हणूनच २००५ च्या कायद्यातील ते शब्द गेले, तर अशा स्त्रीपुढील सर्वांत जवळचे दार बंद होते.

बंदीने काय साधेल?

बंदीने सहजीवन थांबेल, ही अपेक्षा फोल आहे. ते लपून होईल आणि मार खाणारी स्त्री तक्रार करण्यास अधिकच कचरेल. उत्तराखंडमध्ये २७ जानेवारी २०२५ पासून लागू झालेल्या समान नागरी संहितेने सोडून दिलेल्या स्त्रीला पोटगीचा हक्क दिला. परंतु नोंदणी न करणाऱ्यांना तीन महिन्यांपर्यंत कैदेची तरतूदही केली. ज्या स्त्रीने नोंदणी केलेली नाही, तिला मदत मागताना स्वतःच्याच शिक्षेची धास्ती वाटणे स्वाभाविक आहे.

वसईच्या त्या तरुणीने २०२० मध्ये पोलिसांकडे लेखी तक्रार केली होती आणि पुढे ती मागे घेतली, असे हत्येनंतर समोर आले. कायद्याचे कवच तेव्हाही होते. ते तिच्यापर्यंत पोहोचले नाही. संरक्षण अधिकारी, पोलीस ठाणे आणि मोफत वकील यांच्यातील हे अंतर कमी करणे, हाच त्या घटनेचा धडा आहे. कवचच काढून घेतल्यास हे अंतर कधीही भरून निघणार नाही.