आधी औषध, मागून पैसे

रात्रीची वेळ आहे. बाहेर गुडघाभर बर्फ पडलं आहे. घरात लहान पोर पोटाच्या कळांनी तळमळतंय. वैद्य दुसऱ्या गावी. घरात रोकड नाही, आणि भाताचं पीक हाती यायला अजून सहा महिने आहेत. अशा वेळी त्या घरातल्या बाईनं काय करावं?

दीड-दोनशे वर्षांपूर्वी जपानातल्या खेड्यापाड्यांत अशी वेळ आली, की घरातली बाई उठे. औषधाची कागदी पिशवी काढी. तिच्यात पोटदुखीच्या गोळ्या असत, तापाची पुडी असे, जखमेवर लावायचा मलम असे. त्यातलं हवं ते काढून ती पोराला देई. या औषधाचे पैसे तिनं अजून कोणालाच दिलेले नसत. मग ते औषध फुकटचं होतं का? नाही. दान होतं का? तेही नाही.

एक फेरीवाला ती पिशवी घरात ठेवून गेलेला असे. सहा महिन्यांनी, नाहीतर वर्षानं तो पुन्हा येई. पिशवी उघडून मोजदाद करी. चार पुड्या खर्च झाल्या असतील तर चारांचे पैसे घेई. एकही झाली नसेल तर काहीच घेत नसे. जुनी औषधं काढून घेई, नवी भरी, आणि पुढच्या घरी जाई.

आपल्याकडे कितीतरी दुकानांत ‘आज रोख, उद्या उधार’ अशी पाटी असते. त्या फेरीवाल्याचं बोलणं याच्या अगदी उलट. तो म्हणे, आधी वापरा, फायद्याचं आम्ही मागून बघू. धंद्यात असं बोलून पोट भरतं का? भरलं. दोन-तीनशे वर्षं भरलं. कसं ते पाहू.

हे फेरीवाले तोयामा नावाच्या मुलखातले. तोयामा जपानच्या समुद्राकाठी आहे. मागे तातेयामा पर्वत, तीन हजार मीटरांहून उंच. हिवाळ्यात बर्फ फार. उन्हाळा लागला की ते वितळून नद्यांना लोंढे येतात. डोंगर आणि समुद्र यांच्यात अंतर थोडं, त्यामुळे पाणी धावत सुटतं आणि शेतं धुऊन नेतं. १६३९ साली हा मुलूख मोठ्या संस्थानातून वेगळा निघाला आणि तिथे धाकट्या पातीचं राज्य झालं. राज्य झालं खरं, पण नुसत्या भातावर भागेना. नुसत्या शेतीवर न भागणाऱ्या गावाची माणसं काय करतात? बाहेर पडतात. तोयामाची माणसं औषधं घेऊन बाहेर पडली.

त्याची एक गोष्ट तिकडे सांगतात. तोयामाचा दुसरा राजा मायेदा मासातोशी याला औषधांचा नाद होता. १६९० साली तो एदो शहरी, म्हणजे आजच्या तोक्योला, दरबारात गेला होता. तिथे दुसऱ्या एका राजाच्या पोटात एकाएकी कळ आली. मासातोशीनं आपल्या कमरेच्या डबीतली एक गोळी काढून दिली आणि कळ थांबली. जमलेले राजे म्हणाले, हे औषध आमच्या मुलखातही पाठवा. त्या गोळीचं नाव ‘हांगोन्तान’, म्हणजे गेलेला जीव परत आणणारी गोळी. नाव जरा जास्तच मोठं आहे! गोष्ट गोड आहे, पण त्या काळच्या कागदपत्रांत तिला आधार मिळत नाही. तेव्हा ती गोष्ट म्हणूनच ऐकावी. औषधांचा धंदा मात्र खरा. ‘आधी वापर, मग नफा’ हे वचनही मासातोशीचंच म्हणून सांगतात.

या फेरीवाल्याच्या पाठीवर काय असे? वाळुंजाच्या फोकांच्या विणलेल्या पाच पेट्या, एकावर एक रचलेल्या, मोठ्या फडक्यात बांधलेल्या. वजन वीस किलोच्या आसपास. सगळ्यांत वरच्या पेटीत वही, लेखणी आणि हिशेबाची मण्यांची चौकट. दुसरीत घरोघर द्यायच्या भेटवस्तू. तिसरीत घराघरांतून परत घेतलेली जुनी औषधं. खालच्या दोन पेट्यांत नवा माल. म्हणजे पाच पेट्यांतली एक आख्खी पेटी न खपलेल्या मालासाठी! कोणता दुकानदार जुना माल परत घ्यायला स्वतः चालत येतो, आणि तो पाठीवर वाहून नेतो? पण हा नेई. पिशवीतलं औषध शिळं निघालं आणि गुण आला नाही, तर त्या घरी पुन्हा कोण बसवून घेणार?

भेटी अगदी साध्या. रंगीत छापील चित्रं असत. पुढे मुलांसाठी घडी घालता येणारे कागदाचे फुगे आले. फेरीवाला आला म्हणजे पोरं आधी त्या फुग्याकडे बघत. बाकीची मंडळी त्याच्याभोवती बसत, कारण तो चार मुलुखांच्या बातम्या आणी. कुठे भात कसं आलं, कुठे पूर आला, हे त्याच्याकडूनच कळे.

आता वरच्या पेटीतली वही पाहू. सगळा धंदा तिच्यात होता. तिला ‘काकेबाचो’ म्हणत. गाव कोणतं, घर कोणाचं, मागच्या वेळी कोणती औषधं ठेवली, कोणती खर्च झाली, पैसे किती आले, बाकी किती राहिली, सगळं तीत घरवार लिहिलेलं असे. ती वही वाचली म्हणजे कळे, की या घरी पोटाच्या गोळ्या जास्त लागतात, त्या घरी लहान मुलं आहेत, तिकडे खोकल्याचं औषध जास्त ठेवावं. बापाची वही मुलाकडे जाई. अडचण आली तर ती गहाण ठेवता येई, विकताही येई, आणि तिला चांगली किंमत येत असे. नीट विचार करा. वहीत नुसती नावं आणि आकडे. मग घेणारा पैसे कशाचे मोजी? इतक्या घरांत आपल्याला दार उघडतील, याचे.

हेच कठीण दिवसांत उपयोगी पडे. शेतकऱ्याच्या घरी रोख पैसा सुगीनंतरच येई. पाऊस-थंडीनं पीक बुडालं तर तेवढाही येत नसे. जपानात १८३० नंतरच्या दहा वर्षांत असा मोठा दुष्काळ पडला होता. आता फेरीवाल्यानं दारात बसून वसुलीचा तगादा लावला असता, तर काय झालं असतं? चार पुड्यांचे पैसे कदाचित मिळाले असते. पण घर गेलं असतं, आणि एक घर गेलं की त्याच्या शेजारची घरंही जातात. त्यापेक्षा बाकी वहीत लिहून ठेवावी आणि पुढच्या फेरीला बघावं, यातच शहाणपण होतं.

कोणी म्हणेल, मग ही कसली उदारता? हा तर हिशेब झाला. खरं आहे. हिशेब होताच. जपानी लोकांत एक म्हणच आहे, की औषधाला नऊपट नफा. मुळ्या-साली कुटून केलेली गोळी. तिला लागणारा खर्च थोडा, किंमत त्याहून पुष्कळ. म्हणून दोन-चार पुड्या बुडाल्या तरी फेरीवाला बुडत नसे. धान्याच्या किंवा कापडाच्या व्यापाऱ्याला हे जमलं नसतं. पण मला वाटतं, हिशेबात बसते म्हणून उदारता खोटी ठरत नाही. त्या बाईला मध्यरात्री औषध मिळालं की नाही, ते पाहा. घरात किती खर्च झालं हे तिचं तिनंच ठरवायचं, पाहायला कोणी नाही. त्या काळात गरिबाच्या शब्दावर इतका भरवसा किती व्यापारी ठेवत?

हे एकट्यादुकट्याच्या चांगुलपणावर सोडलेलं नव्हतं. ज्या भागात जायचं, त्या भागाप्रमाणे फेरीवाल्यांचे गट पडलेले होते. गटाचे नियम असत. भाव पाडून एकमेकांचं गिऱ्हाईक ओढायचं नाही, ठरल्या किमतीनंच विकायचं. परमुलखाचे राजे कधी कधी यांना बंदी करत. आपल्या रयतेचा पैसा बाहेर जातो, म्हणून. मग गटाची माणसं जाऊन राजाला खूश करत. दक्षिणेला सात्सुमा म्हणून संस्थान होतं. तिथे तोयामावाल्यांनी उत्तरेकडची कोम्बु नावाची खाण्याची समुद्रवनस्पती पोचवली. ती तिथून पुढे चीनकडे जाई, आणि चीनची औषधी द्रव्यं इकडे येत. हा व्यवहार बराचसा चोरटा होता. म्हणजे हे लोक काही अगदीच साधुसंत नव्हते.

आता औषधांकडे वळू. जपानची जुनी औषधविद्या चीनमधून आली आणि तिथे रुजली. तिच्यातली पोटाची औषधं बहुतेक कडू. किहादा नावाच्या झाडाची पिवळी साल तीत घालतात. आपल्या दारुहळदीत जे पिवळं कडू द्रव्य असतं, तेच या सालीत असतं. त्याला बर्बेरिन म्हणतात. काही प्रकारच्या जुलाबांवर त्याचा गुण येतो, असं हल्लीच्या तपासांतही दिसलं आहे. दुसरी एक वनस्पती सेंबुरी. ही आपल्या काडेचिराईताची बहीण. सेंबुरी म्हणजे हजारदा हलवलेली. हजार वेळा पाण्यात हलवली तरी तिचा कडूपणा जात नाही म्हणून हे नाव. अस्वलाचं वाळवलेलं पित्तही वापरत. १९२७ साली जपानात याच पित्तातून एक द्रव्य शुद्ध स्वरूपात वेगळं काढलं. ते आता कारखान्यात तयार होतं आणि डॉक्टर यकृताच्या व पित्ताच्या काही विकारांत देतात. त्यासाठी अस्वल मारावं लागत नाही.

पण म्हणून जुनं ते सगळं गुणकारी असं समजू नका. १८७९ साली आणि पुन्हा १८८६ साली जपानात पटकीची साथ आली. दर साथीत लाखाच्या वर माणसं दगावली. पिशवीतल्या गोळ्यांनी पटकी बरी झाली नाही. ती तशी होणारच नव्हती. तिला स्वच्छ पाणी लागतं, आणि अंगातलं गेलेलं पाणी-मीठ भरून काढावं लागतं. ती पिशवी पोटदुखी, पडसं, किरकोळ जखम यांच्यासाठी होती. मोठ्या दुखण्यात पिशवीवर विसंबून राहणं म्हणजे जिवाशी खेळच.

फेरीवाल्यांवर मोठं संकट आलं ते साथीपेक्षा सरकारी कायद्यानं. १८६८ नंतर जपानात नवं सरकार आलं. त्यानं पाश्चात्त्य वैद्यक उचलून धरलं आणि जुन्या औषधांकडे संशयानं पाहिलं. १८७६ साली फेरीवाल्यांनी भांडवल एकत्र करून कोकान्दो नावाची औषधं बनवणारी कंपनी काढली. एवढ्यात १८८२ साली औषधांवर कर बसवणारा कायदा झाला. प्रत्येक पुडीवर किमतीच्या दहाव्या हिश्शाचं तिकीट लावायचं. दुकानदाराला त्याचं फार काही वाटलं नसेल. पुडी खपली की तिकिटाचे पैसे लगेच परत. पण ज्याची पुडी वर्षभर दुसऱ्याच्या घरात पडून राहते, आणि कित्येकदा न खपता परत येते, त्यानं काय करावं? कर आधी भरायचा, पैसे मागून यायचे, तेही आले तर. तोयामाचा धंदा यानं पार खाली बसला. पुष्कळ जणांनी तो सोडला. उरले त्यांनी दम धरला. पुढे तोयामात औषधं बनवण्याचं शिक्षण देणारी शाळाही निघाली.

घरी औषधाची पेटी ठेवून मागून पैसे घेण्याची चाल जपानात अजून आहे. कायद्यानं तिला परवाना लागतो. गावोगाव दवाखाने आणि औषधाची दुकानं झाल्यापासून ती पुष्कळ कमी झाली आहे.

मात्र ती दुसऱ्या एका देशात जाऊन पोचली. मंगोलियात मेंढपाळ लोक तंबू घेऊन गवताच्या मागे फिरतात. दवाखाना कित्येक कोस लांब. हिवाळा असा, की १९९९ ते २००२ या सालांत लाखो जनावरं थंडीनं आणि उपासमारीनं मेली. जनावर हेच ज्याचं धन, त्याच्याजवळ मग औषधाला पैसा कुठून राहणार? २००४ साली जपानच्या निप्पॉन फाउंडेशन या संस्थेच्या मदतीनं तिथे तोयामाच्या धर्तीवर घरोघर औषधांच्या पिशव्या ठेवायला सुरुवात झाली. पिशवीत मंगोलियाची देशी औषधं, आणि कोणतं कधी घ्यावं हे सांगणारं पुस्तक. डॉक्टर फेरीवर आला की मोजदाद करायची, वापरलं तेवढ्याचे पैसे घ्यायचे, पिशवी भरायची.

मंगोलियाचं देशी वैद्यक तिबेटातून आलं आहे, आणि तिबेटाच्या वैद्यकात आपल्या वाग्भटाच्या ‘अष्टांगहृदय’ ग्रंथाचा मोठा वाटा आहे. हजारएक वर्षांपूर्वी त्याचं तिबेटी भाषांतर झालं. त्या वैद्यकात सगळ्यांत मानाचं फळ कोणतं, ठाऊक आहे? हिरडा. आपल्या जुन्नर-आंबेगावच्या डोंगरांत लोक गोळा करतात, तोच. बर्फाच्या मुलखात तो उगवत नाही. दुरून विकत आणावा लागतो.