जुन्या पुलांच्या पायाची परीक्षा

सन 2016 च्या 2 ऑगस्टच्या रात्री महाडनजीक सावित्रीवरील ब्रिटिश अमदानीतला कमानींचा पूल पुरात कोसळला, आणि जयगडहून मुंबईस व राजापूरहून बोरिवलीस निघालेल्या दोन एस.टी. गाड्या उतारूंसह प्रवाहात गडप झाल्या, तेव्हा त्या शोकाचा मोठा वाटा रत्नागिरी जिल्ह्याच्या पदरी आला. पुलाची पाहणी त्याच वर्षीच्या मे महिन्यात झालेली होती. परंतु डोळ्यांनी केलेली पाहणी पाण्यापाशी थांबते, आणि पूर तर खांबाच्या बुडाशी माती उपसत असतो. अमेरिकेतील न्यूयॉर्क राज्यात 1987 साली स्कोहारी क्रीकवरील पूल पडून दहा माणसे दगावली, ती उथळ पायाखालची माती अशीच वाहून गेल्यामुळे.

मग जुना पाया किती खोल आहे, हे तो न उकरता कसे कळावे? दफ्तरातील नकाशे पुष्कळदा गहाळ असतात; आणि सापडले तरी कागदावरची खोली व कंत्राटदाराने प्रत्यक्षात गाठलेली खोली एकच, असे मानण्याचा भोळेपणा करू नये. नव्या पाइलची, म्हणजे पायासाठी जमिनीत खोल उतरविलेल्या काँक्रीटच्या खांबाची, परीक्षा त्या मानाने सोपी. फणस ठोकून पाहावा तसा तिच्या माथ्यावर हातोडीचा हलका ठोका दिला, की लहर तळाशी जाऊन परतते. काँक्रीटमध्ये तिचा वेग सेकंदास सुमारे 4000 मीटर असल्याने 20 मीटर लांबीच्या पाइलमधून प्रतिध्वनी सेकंदाच्या शंभराव्या भागात वर येतो. उभ्या पुलाखाली मात्र हा माथा काँक्रीटच्या जाड ठोकळ्यात गाडलेला असतो, आणि लहर तेथेच घोटाळते.

अशा वेळी पायालगत, त्याच्या अंदाजी खोलीहून काही मीटर अधिक खोल, विंधनविवर घेऊन त्यात बसविलेली नळी पाण्याने भरतात, आणि ध्वनी टिपणारा हायड्रोफोन तीत टप्प्याटप्प्याने उतरवीत दर टप्प्यास वर खांबावर ठोका देतात. यंत्र पायाच्या शेजारी असेतो लहर काँक्रीटमधून त्वरेने उतरते. ते बुडाखाली गेले, की उरलेली वाट मंद मातीतून कापावी लागते आणि लागणारा वेळ झपाट्याने वाढतो. खोली आणि वेळ यांची रेघ जेथे वाकते, तेथे पायाचा तळ.

रत्नागिरीच्या भूमीत मात्र सावधगिरी हवी. वर सच्छिद्र जांभा, त्याखाली मऊ माती, तिच्याखाली काळा पाषाण. पाया त्या पाषाणावर टेकला असेल, तर लहर तेथेही वेगानेच धावते आणि रेघेचे वळण पुसट होते. म्हणून विवरातून निघालेले दगडमातीचे नमुने समोर ठेवल्यावाचून निकाल देऊ नये.

एका विवराचा खर्च पुलाच्या किमतीपुढे क्षुल्लक आहे. ज्या जुन्या खाडीपुलांच्या पायांची नोंद दफ्तरी नाही, त्यांची यादी बांधकाम खात्याने पावसाळ्यापूर्वी जाहीर करावी.