एका बाराचं गणित

नागपूर मध्य प्रांताची राजधानी झालं ते 1861 साली. त्याच दशकात जेम्स फोर्सिथ नावाचा तरुण लष्करी अधिकारी वनखात्याच्या कामावर सातपुड्याची रानं पालथी घालत होता. पचमढीला त्याने बांधलेलं ‘बायसन लॉज’ आजही उभं आहे. ‘द हायलँड्स ऑफ सेंट्रल इंडिया’ हे त्याचं पुस्तक त्याच्या मृत्यूच्याच वर्षी, 1871 मध्ये, प्रसिद्ध झालं आणि अभ्यासक ते अजून वाचतात. ‘द स्पोर्टिंग रायफल अँड इट्स प्रोजेक्टाइल्स’ हे त्याआधीचं पुस्तक मात्र मराठी वाचकांना फारसं ठाऊक नाही. सांबर, वाघ, रानगवा अशा जनावरांसाठी बार कसा भरावा, याचा काटेकोर विचार त्यात आहे.

तेव्हा बंदुका ठासणीच्या. नळीच्या तोंडातून मोजून दारू ओतायची, तेलकट चिंधीत गुंडाळलेली शिशाची गोळी वर ठेवायची आणि गजाने खालपर्यंत ठासायची. प्रत्येक बार हातानेच भरलेला असे. त्यामुळे दारू किती, गोळी केवढी, हे शिकाऱ्यालाच ठरवावं लागे. 14 बोअर म्हणजे एक पौंड शिशाच्या 14 गोल गोळ्या. एकेकीचं वजन सुमारे 32 ग्रॅम.

खरी अडचण अंतराची होती. गोळी नळीतून सुटल्या क्षणापासून खाली येऊ लागते. सेकंदाला सरासरी 300 मीटर वेगाने गेलेली गोळी 100 मीटरवर अर्ध्या मीटरहून जास्त खाली आलेली असते. 400 मीटर वेगाने गेली तर जेमतेम 30 सेंटिमीटर. सागाच्या दाटीत जनावर क्षणभर दिसतं. ते 60 पावलांवर आहे की 100, हे मोजायला सवड नसते. अंदाज चुकला की गोळी पोटात किंवा पायात बसणार आणि जखमी जनावर रानात तडफडत राहणार. म्हणून फोर्सिथला भरपूर दारू आणि वेगवान गोळी हवी होती.

पण दारू वाढवली की दुसरीच गोष्ट बिघडे. रायफलच्या नळीत आतून पिळाचे आटे असतात; ते गोळीला फिरकी देतात. पीळ घट्ट असेल आणि धक्का जोराचा असेल, तर मऊ शिशाची गोळी आट्यांत न फिरता त्यांच्यावरून खरडत सरळ निघून जाते. मग नेम कसला राहणार? लष्कराच्या 1853च्या एनफिल्डमध्ये साडेसहा फुटांत एक वळसा होता आणि दारू साडेचार ग्रॅमच्या आसपास. फोर्सिथने गोल गोळी निवडली. लांबट गोळी हवेत कोलमडू नये म्हणून तिला जोरदार फिरकी लागते, गोल गोळीला थोडीच पुरते. म्हणून त्याने आठ फुटांहून अधिक अंतरात एक वळसा ठेवला, आटे उथळ केले आणि दारू जवळपास दुप्पट भरली. गोल गोळीचा वेग हवेत लवकर मरतो; लांब पल्ल्याला ती कमीच पडते. पण या रानांत लांब पल्ल्याची गरजच नव्हती. रान पाहून बार ठरवणं, हेच त्याचं मोठेपण.

पुढे पितळी काडतुसं आली. परदेशांत शिकारी आजही घरी काडतुसं भरतात. भारतात 1972च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला पायबंद बसला आणि ते योग्यच झालं.

मात्र जनावरासाठी हाताने बार भरण्याचं काम विदर्भात थांबलेलं नाही. नागपुरात सेमिनरी हिल्सला वन्यप्राण्यांचं ट्रान्झिट ट्रीटमेंट सेंटर आहे. गावाजवळ आलेल्या वाघाला पकडायचं असतं तेव्हा पशुवैद्य डार्टमध्ये औषध भरतात, बहुधा झायलाझिन आणि केटामिन. दुरून पाहूनच वजनाचा अंदाज घ्यायचा आणि त्यावरून मात्रा ठरवायची. बंदुकीतला वायूचा दाब अंतरानुसार लावायचा: कमी पडला तर डार्ट वाटेतच पडतो, जास्त झाला तर हाड मोडू शकतं. डार्ट मांसल भागात रुतला की सुईच्या छिद्रावरची रबरी नळी मागे सरकते आणि दाबाखालची हवा औषध आत ढकलते. दारूची जागा वायूने घेतली, शिशाची औषधाने. परिस्थिती पाहून बार ठरवण्याची कसोटी तीच राहिली.

डार्ट लागल्यावरही वाघ लगेच आडवा होत नाही. दहा-पंधरा मिनिटं जाऊ शकतात. तो बिथरलेला असेल तर औषध नीट चढत नाही. आरडाओरडा आणि मोबाइल उंचावणारी गर्दी यांनी तो हमखास बिथरतो. गावाजवळ अशी मोहीम सुरू असेल, तर वाचकांनी घरात थांबावं आणि शेजाऱ्यांनाही थांबवावं.