पिकअप थंडीत बंद पडते? आधी अर्थिंग पाहा, मग माणसाला बोला

दिवाळी आटोपली आणि लग्नसराईचा माल निघू लागला की आमच्या गांधीबागेत पहाटेपासूनच गाड्या लागतात. हमाल गाठी चढवतात, चिठ्ठ्या फाटतात, आणि गाडी सावनेर, सौंसरमार्गे छिंदवाड्याकडे निघते. तिकडचा दुकानदार वेळेवर माल मिळाला तरच आपला. दोनदा उशीर झाला तर तिसऱ्यांदा तो इतवारीतल्या दुसऱ्या पेढीला फोन करतो. कापडाच्या धंद्यात गाडी ही तराजूइतकीच महत्त्वाची वस्तू आहे, पण तिच्या वायरिंगकडे आपण व्यापारी मंडळी ढुंकूनही पाहत नाही. आम्हीही पाहत नव्हतो. त्याची किंमत आम्ही मोजली, आणि आमच्यापेक्षा जास्त दुसऱ्या एका माणसाने मोजली. म्हणून हे लिहीत आहोत.

डिसेंबर २०१८ची गोष्ट. आमची डिझेल पिकअप रात्री छिंदवाड्यात मुक्काम करून पहाटे परासिया आणि तामियाकडे निघत असे. तामिया सातपुड्याच्या उंचावर आहे, तिथली थंडी नागपूरच्या थंडीला हसते. त्या महिन्यात गाडी तीनदा रस्त्यात उभी राहिली. प्रत्येक वेळी एकच तऱ्हा : सकाळी एका सेल्फात चालू, दोन-तीन किलोमीटर बरी, मग ओढ कमी होत होत बंद. नऊ-दहाला ऊन चढले की जणू काही झालेच नाही अशी पुन्हा चालू.

नागपूरच्या एका वर्कशॉपमध्ये गाडी दाखवली. त्यांनी भर दुपारी तपासली, डिझेल फिल्टर बदलला, टाकी धुतली आणि आमच्या कानात सांगितले, “सेठ, डिझेलमध्ये रॉकेल आहे. ड्रायव्हरला विचारा.” आम्ही विचारले नाही, सरळ ठरवूनच टाकले. अकरा वर्षे आमच्याकडे असलेल्या माणसाच्या पगारातून बिलाचे पैसे कापले. तो एक शब्द बोलला नाही. महिनाअखेरीस हिशेब घेऊन गेला तो पुन्हा आलाच नाही.

डिझेलमध्ये मुळातच मेण असते. थंडी वाढली की त्या मेणाचे बारीक कण तयार होतात आणि फिल्टरच्या कागदावर साचतात. इंजिनाला डिझेल पोहोचत नाही, गाडी बंद पडते. ऊन लागले की मेण विरघळते आणि रस्ता मोकळा होतो. आपल्याकडच्या डिझेलच्या मानकात, म्हणजे आयएस १४६० मध्ये, थंडीत फिल्टर तुंबण्याची मर्यादा हिवाळ्यासाठी ६ अंश सेल्सिअस आणि उन्हाळ्यासाठी १८ अंश आहे. याचा सरळ अर्थ असा की उन्हाळ्यातले डिझेल पिंपात राखून ठेवले आणि डिसेंबरात टाकीत ओतले, तर ते नागपुरातही दगा देऊ शकते. लडाखसाठी तर इंडियन ऑइलने २०१९ साली उणे ३३ अंशांपर्यंत न गोठणारे वेगळेच हिवाळी डिझेल आणले. आपल्या भागाला इतके लागत नाही. आपले काम फिल्टरजवळ बसवलेल्या विजेच्या हीटरने भागते, फक्त तो चालू असला पाहिजे.

आता रॉकेलचे ऐका. रॉकेल मिसळले की डिझेल लवकर गोठत नाही, उलट उशिरा गोठते! थंड मुलखातले जुने ड्रायव्हर म्हणूनच हिवाळ्यात टाकीत थोडे रॉकेल घालत. (आजच्या गाड्यांत हा प्रकार करू नये, पंप आणि इंजेक्टर खराब होतात, शिवाय ती भेसळ ठरते.) म्हणजे आमच्या माणसाने खरोखरच रॉकेल घातले असते, तर गाडी त्या थंडीत कदाचित बंदच पडली नसती. ज्या गोष्टीवरून आम्ही त्याला चोर ठरवले, तीच त्याची साक्ष होती. सूरह हुजुरातमध्ये गुमानापासून दूर राहण्याचा हुकूम आहे, हे आम्ही शाळेपासून ऐकत आलो. गल्ल्यावर बसल्यावर ते आठवले नाही.

दोष सापडला तो मोमिनपुऱ्याकडच्या एका वयस्क ऑटो इलेक्ट्रिशियनमुळे. दुकान म्हणजे एक टपरी आणि एक लाकडी बाक. त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो हा की गाडी किती वाजता तपासली होती. दुपारी, असे म्हणताच ते हसले. हीटरला तापमानाचा स्विच असतो. थंडी असली तरच तो करंट सोडतो, दुपारी हीटर बंदच असणार. दुपारी काय सापडणार? “गाडी रात्री इथेच उघड्यावर सोडा, फजरनंतर या,” एवढेच म्हणाले. नागपुरात त्याच दिवसांत, २९ डिसेंबरला, पारा ३.५ अंशांपर्यंत उतरला होता. तपासणीला याहून चांगली सकाळ मिळाली नसती.

इथे एक घोटाळा दूर करू. हीटर प्लग वेगळा आणि फिल्टरचा हीटर वेगळा. मॅटॅडोरच्या जमान्यापासून आपण हीटर म्हटले की इंजिनातला हीटर प्लगच समजतो. तो बिघडला तर गाडी सुरू व्हायलाच त्रास देते आणि पांढरा धूर सोडते. फिल्टरचा हीटर बिघडला तर गाडी सुरू होते आणि पुढे जाऊन मरते. आमच्या ड्रायव्हरने हे तिन्ही वेळा फोनवर स्पष्ट सांगितले होते.

फिल्टरच्या हीटरची वाट अशी : बॅटरी, फ्यूज, रिले, हीटर, आणि तिथून चॅसीवर अर्थिंग. उस्तादांनी चावी चालू करून आधी फ्यूजच्या दोन्ही टोकांना टेस्ट लॅम्प लावला, दोन्हीकडे उजेड. मग रिलेवर बोट ठेवले, टक् असा आवाज आला. पण आवाज आला म्हणजे करंट गेला असे नाही, आतले पॉइंट जळलेले असू शकतात. म्हणून त्याच नंबरचा हॉर्नचा रिले काढून तिथे लावून पाहिला. फरक नाही. हीटरचा कपलर काढून मल्टिमीटर लावला तर १२ व्होल्ट पुरे. आमच्यासारख्याने इथेच म्हटले असते की वायरिंग ठीक आहे, हीटर बदला. वर्कशॉपनेही पुढची पायरी हीच सांगितली होती, आणि तो हीटर स्वस्त नसतो.

उस्ताद म्हणाले, मीटर करंट पितच नाही, म्हणून त्याला सगळे बरे दिसते. धोतराचा काठ एका धाग्यावर लटकलेला असला तरी लांबून अख्खाच दिसतो, ओढले की कळते. दीडशे वॉटचा हीटर १२ व्होल्टवर साडेबारा अँपिअर ओढतो. मापायचे ते तो ओढत असताना. त्यांनी कपलर परत लावला, मीटरचे एक टोक बॅटरीच्या ऋण खुंटीवर आणि दुसरे हीटरच्या अर्थच्या तारेवर टेकवले. तिथे काटा जवळजवळ शून्यावर राहायला हवा, फार तर पाव व्होल्ट. आमच्या गाडीत चार व्होल्ट निघाले! म्हणजे बाराच्या जागी हीटरला आठच मिळत होते. आणि उष्णता व्होल्टच्या वर्गाने घटते, म्हणून एक तृतीयांश व्होल्ट गेले की निम्म्याहून जास्त गरमी गेली. हीटर कोमट होत होता, मेण वितळवण्याइतका नाही.

कारण? दिवाळीआधी आम्हीच हौद्याला नवा रंग मारून घेतला होता. रंगारी मंडळींनी काम सोपे व्हावे म्हणून अर्थिंगचा बोल्ट काढला, चॅसी रंगवली आणि ओल्या रंगावर तो पुन्हा कसला. तारेचा लग लोखंडावर नव्हे, रंगावर बसला होता. उस्तादांनी काचपेपरने जागा लखलखीत केली, दातेरी वॉशर टाकला, बोल्ट आवळला, वरून व्हॅसलीन चोपडले. मीटर खाली आला. मजुरी त्यांनी इतकी कमी सांगितली की आम्हालाच मान खाली घालावी लागली.

हिवाळ्याची सकाळ गाठता येत नसेल तर तापमानाचा स्विच प्लास्टिकच्या पिशवीत बर्फ घालून गार करावा, हीटर दुपारीही चालू होतो. हीटरच गेला असेल तर कपलर काढून ओहमवर मोजावे. काहीच वाचन आले नाही तर आत तुटला, आणि थेट शून्य आले तर आत शॉर्ट आहे, तोच वारंवार फ्यूज उडवतो. घरच्या वायरमनचा क्लॅम्प मीटर इथे बहुधा निरुपयोगी, कारण तो बऱ्याचदा एसीचाच करंट मोजतो. आणि एप्रिल २०२० पासूनच्या बीएस-६ गाड्यांत रिलेला हुकूम संगणक देतो, तिथे वायरीत सुया टोचत बसू नये.

दोन गोष्टी मात्र हात जोडून सांगतो. फ्यूज उडतो म्हणून त्यावर चांदीचा कागद गुंडाळू नका. मागे सिंथेटिक साड्यांच्या गाठी आणि खाली डिझेल असते. आणि टाकीखाली चिंध्या पेटवून डिझेल गरम करण्याची जी रीत ट्रकवाल्यांत आहे, ती आपल्या गाडीला लागू देऊ नका.

गाडी दुरुस्त झाली त्याच संध्याकाळी आम्ही कापलेले पैसे घेऊन ड्रायव्हरच्या घरी, ताजबागकडे, गेलो. त्याच्यासमोर आणि त्याच्या मुलांसमोर चूक कबूल केली, कारण चोरीचा शब्द मुलांच्याही कानावर गेला होता. त्याने चहा दिला, पैसे मोजून घेतले. नोकरीवर परत यायला मात्र तयार झाला नाही, तोवर दुसऱ्या पेढीला जबान देऊन बसला होता. उठताना त्याने एवढेच विचारले की दोष नेमका कुठे होता. आम्ही सांगितले. “रंगवून आणली त्याच आठवड्यात मी म्हटलं होतं, सेठ, हेडलाइट मंद वाटतात,” तो म्हणाला. हेडलाइटची अर्थिंगही त्याच बोल्टवर होती.