सत्ता बेंगळूरूत, राजा चित्रांत : म्हैसूरच्या राजचित्रांचा अर्थ

बेंगळूरू : दरबारी व्यक्तिचित्रांत राजाच्या रूपाइतकाच त्याचा हक्कही रंगविलेला असे. सतराव्या शतकात मुघल चित्रशैलीच्या प्रभावाने मेवाड, मारवाड, बिकानेर येथील राजपूत दरबारांत ही कला बहरली. एका बाजूने दिसणारा चेहरा, मस्तकामागील प्रभावलय, पगडीतील रत्ने, हाती तलवार किंवा फूल आणि सेवकांहून मोठी आकृती, ही या चित्रांची ठळक लक्षणे होती. म्हैसूरच्या वडियार दरबारात मात्र या कलेवर अधिक कठीण जबाबदारी येऊन पडली.

1799 मध्ये टिपू सुलतानाच्या पाडावानंतर इंग्रजांनी पाच वर्षांच्या कृष्णराज वडियार तिसरे यांना गादीवर बसविले. पुढे 1831 मध्ये त्यांचा कारभार काढून घेऊन तो कमिशनरांकडे सोपविण्यात आला. राज्याची सूत्रे बेंगळूरूहून हलू लागली आणि नामधारी राजे म्हैसुरात राहिले.

याच काळात त्यांनी चित्रकारांना उदार आश्रय दिला. 1861 मध्ये उभारलेल्या जगन्मोहन राजवाड्यातील भित्तिचित्रांत वडियार घराण्याची वंशावळ आहे. ‘संतानांबुज’ या चित्रात कमळाच्या मध्यभागी राजा असून भोवतीच्या पाकळ्यांत त्यांचा परिवार आहे.

वंशावर एवढा भर देण्यामागे व्यावहारिक कारणही दिसते. औरस वारस नसल्यास राज्य खालसा होण्याचे भय होते. 1848 मध्ये साताऱ्याचे छत्रपती शहाजीराजे यांचे दत्तकविधान नाकारून इंग्रजांनी ते राज्य खालसा केले होते. कृष्णराजांनी 1865 मध्ये दत्तक घेतला. त्यास 1867 मध्ये मान्यता मिळाली. 1868 मध्ये त्यांचे निधन झाले. प्रत्यक्ष सत्ता 1881 मध्ये दत्तकपुत्र चामराजेंद्र यांच्याकडे परतली.

पुढे 1885 मध्ये चामराजेंद्रांनी राजघराण्याची व्यक्तिचित्रे काढण्यासाठी राजा रविवर्मा यांना पाचारण केले आणि तैलरंगातील पाश्चात्त्य पद्धतीचे चित्रण दरबारात आले.

बेंगळूरूत या इतिहासाच्या दोन्ही बाजू पाहता येतात. कर्नाटक चित्रकला परिषदेच्या संग्रहात म्हैसूर शैलीची पारंपरिक चित्रे आहेत. उच्च न्यायालय असलेल्या अठरा कचेरीच्या छतावर मात्र 1834 ते 1861 या काळात कमिशनर असलेल्या मार्क कब्बन यांचे चित्र आहे.