‘वायव्येकडे चाला’ म्हणजे नेमकं कुठे? पायी चालणाऱ्यांना मॅप का गोंधळात टाकतो?

छत्रपती संभाजीनगरच्या मध्यवर्ती बसस्थानकावर कुणालाही घाटी रुग्णालयाचा रस्ता विचारा. उत्तर मिळतं, “मिल कॉर्नरवरून पुढे जा, भडकल गेट लागेल. त्याच्या पुढे घाटी.” मोबाईल मात्र अनेकदा सुरुवात करतो ती दिशा आणि मीटरपासून. पेशंटला भेटायला गावाहून पहिल्यांदाच आलेल्या माणसाला यातलं कोणतं उत्तर चटकन कळेल?

मॅप चुकतो कुठे?

गाडी धावत असते, त्यामुळे ती कुठल्या दिशेने चालली आहे हे जीपीएसला लगेच समजतं. पायी जाणारा मात्र आधी एका जागी उभा असतो. त्याचं तोंड कुठे आहे, हे फोन त्यातल्या होकायंत्रावरून ठरवतो. आजूबाजूच्या गाड्या आणि लोखंडामुळे ते भरकटतं. म्हणून पहिलीच पावलं उलटी पडतात.

दुसरी अडचण अचूकतेची. मोकळ्या आकाशाखाली फोनचं जीपीएस साधारण ५ मीटरपर्यंत अचूक असतं. मोठ्या रस्त्यावर तेवढं पुरतं. गुलमंडीच्या आसपासच्या बोळांत मात्र सिग्नल भिंतींवर आपटून येतात, चूक वाढते आणि निळा ठिपका शेजारच्या गल्लीत दिसतो.

मग उपाय काय?

खुणा. गूगल मॅप्सने भारतात २००९ मध्येच रस्ता सांगताना खुणांचा वापर सुरू केला. पण खूण कशी हवी? लांबून दिसणारी, वळणाजवळची आणि सहसा न बदलणारी. दुकानाची पाटी उद्या बदलू शकते. मलिक अंबरने १६१२ मध्ये बांधलेलं भडकल गेट आजही जागेवर आहे. दरवाजांच्या या शहरात अशा खुणा तयारच आहेत. सिडकोत मात्र एन-१, एन-२ असे आकडे आहेत. तिथे शाळा, मंदिर, पाण्याची टाकी यांचा आधार घ्यावा लागतो.

नावंही लोकांच्या तोंडची हवीत. पाटीवर ‘शासकीय वैद्यकीय महाविद्यालय’ असलं, तरी रिक्षावाल्यापासून पेशंटपर्यंत सगळे ‘घाटी’च म्हणतात. शिवाय पायी चालताना नजर रस्त्यावर हवी. म्हणून सूचना मराठीत ऐकू यावी आणि “गेट दिसलं? मग रस्ता बरोबर आहे,” असा दिलासाही मिळावा.

तोवर तुम्ही काय कराल?

मॅपवरचा बाण भलतीकडे दिसला, तर फोन हवेत इंग्रजी आठच्या आकड्यासारखा फिरवा. मोकळ्या जागी दहा पावलं चाला. निघण्यापूर्वी वाटेतल्या दोन मोठ्या खुणा लक्षात ठेवा. फोनची बॅटरी संपली, तरी त्या खुणांची नावं सांगून कुणालाही रस्ता विचारता येतो.