मागून हाक आली नाही तर?

लिंकिंग रोडचा फंडा तुम्हाला ठाऊक असेलच. सँडल आवडली, दुकानदार आठशे म्हणाला, की आपण तीनशे म्हणायचं. तो हसतो. आपण सँडल खाली ठेवायची आणि सरळ चालू लागायचं. एक, दोन, तीन, चार पावलं... आणि मागून हाक येते, "ओ मॅडम, चलो ले लो!" जिंकलो!

गेल्या महिन्यात हाच फंडा मी एका ऑफिसात वापरला. मी फ्रीलान्सर. दोन वर्षं एकाच कंपनीसाठी लिहितेय आणि रेट तोच. "वाढवा, नाहीतर मला जमणार नाही," असं ठणकावून सांगितलं. समोरची बाई गोड हसली. "ठीक आहे, कळवते." मी उठले, लिफ्टने खाली आले, स्टेशनही गाठलं. हाक काही आली नाही.

ते ऑफिस लोअर परळला. काचेची इमारत, खाली कॉफी शॉप आणि कंपाउंडच्या कोपऱ्यात एकटीच उरलेली गिरणीची चिमणी. तिथून लालबागला आजोबांकडे गेले आणि रडगाणं गायलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, "तू एकटी उठून आलीस. आम्ही अडीच लाख होतो. आम्हाला तरी कुठे हाक आली?"

अडीच लाखांचं 'नाही'

आपल्या पिढीसाठी कमला मिल म्हणजे ऑफिस आणि फिनिक्स मिल म्हणजे मॉल. आजोबांसाठी गिरणी म्हणजे साचेखातं. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली मुंबईतले सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. पगारवाढ हवी होतीच, पण आणखी एक मोठी मागणी होती. आमच्या वतीने कोण बोलणार, ते आम्हाला ठरवू द्या! १९४६च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्यानुसार मालकांशी बोलणी करायचा हक्क एकाच मान्यताप्राप्त संघटनेला, म्हणजे राष्ट्रीय मिल मजदूर संघाला होता. कामगार सामंतांच्या मागे आणि खुर्ची भलत्याचीच. कल्पना करा, अप्रेझल तुमचं आणि बॉसशी बोलायला जाणार शेजारच्या डिपार्टमेंटचा माणूस!

मग मालक नमले का नाहीत? गिरण्या बंद राहून त्यांचं फारसं बिघडत नव्हतं म्हणून. बाजारात मंदी होती, गोदामांत माल पडून होता आणि भिवंडीसारख्या ठिकाणी यंत्रमागावर कापड स्वस्तात विणून मिळत होतं. सामंतांपुढे एकदा झुकलो तर बाकीचे उद्योगही पेटतील, ही धास्ती सरकारला होती. त्यात गिरण्यांच्या पायाखाली होती ऐन मुंबईतली सुमारे ६०० एकर जमीन.

रॉजर फिशर आणि विल्यम युरी यांनी 'गेटिंग टू येस' या पुस्तकात याला 'बाटना' असं नाव दिलं. सौदा फिसकटलाच, तर तुमच्या हातात उरणारा सगळ्यात चांगला पर्याय, तो बाटना. पुस्तक आलं १९८१ साली, संपाच्या आदल्याच वर्षी. आजोबांनी ते वाचलेलं नाही, पण फंडा त्यांना पक्का कळलाय. "गावाला भातशेती होती, म्हणून तग धरली. पण मालकाचं पोट आमच्यापेक्षा मोठं होतं," ते म्हणतात. तो संप अधिकृतपणे कधी मागे घेतला गेलाच नाही. आजीने मात्र त्या वर्षी डबे करायला सुरुवात केली.

खरी बोलणी पुढे झाली, वेगळ्याच टेबलावर. १९९१च्या विकास नियंत्रण नियमावलीने गिरण्यांची जमीन ढोबळमानाने तीन वाट्यांत विभागली. एक महापालिकेला, एक म्हाडाच्या घरांना, एक मालकाला. २००१मध्ये नियम बदलला आणि ही वाटणी फक्त मोकळ्या जमिनीपुरती उरली. २००६मध्ये सुप्रीम कोर्टानेही हा बदल मान्य केला. एका शब्दाच्या फेरफारात शहराचा वाटा आकसला. आणि आपण जिथे कपुचिनो पितो, ती जागा तयार झाली.

चालत आलेली माणसं

म्हणजे कमजोर माणसाने भावच करू नये? थांबा. मार्च २०१८ आठवतोय? वनजमिनीचा हक्क आणि कर्जमाफी मागत हजारो शेतकरी नाशिकहून सुमारे १८० किलोमीटर चालत मुंबईत आले. त्यांच्याकडे ना गोदाम, ना पैसा. पण दहावीची परीक्षा सुरू होती, मुलांना त्रास नको म्हणून ते रात्रीच चालत आझाद मैदानावर पोचले. एरवी मोर्चा म्हटलं की ट्रॅफिकच्या नावाने बोटं मोडणारी मुंबई त्यांना पाणी, बिस्किटं, चपला द्यायला रस्त्यावर आली. सोलवटलेले पाय सगळ्या देशाने टीव्हीवर पाहिले. आता 'नाही' म्हणणं सरकारलाच महाग पडणार होतं. १२ मार्चला लेखी आश्वासन मिळालं.

अर्थात, गोष्ट तिथे संपली नाही. अंमलबजावणीसाठी त्यांना २०१९मध्ये आणि २०२३मध्ये पुन्हा चालावं लागलं. लेखी कागदालाही वजन येतं ते तुम्ही परत उठून याल, या खात्रीनेच.

माझी चूक आता मला कळलीय. मी रागाने उठले, पण माझ्या उठण्याने त्यांचं काय अडणार होतं, हे मोजलंच नव्हतं. गेल्या आठवड्यात आम्ही पाच फ्रीलान्सर चहाला भेटलो आणि पहिल्यांदाच एकमेकींना आपापले रेट सांगितले. जाम लाज वाटली! कळलं काय, तर त्याच कंपनीत एकीला माझ्या दीडपट मिळतात. आता पाचहीजणींनी एक किमान रेट ठरवलाय. शिवाय मी दुसऱ्या एका ठिकाणी काम सुरू केलंय.

सोमवारी परत त्याच लिफ्टने वर जाणार आहे. मागून हाक आली तर छानच. नाही आली, तर पुढचं दुकान मी बघून ठेवलंय.